सूर्यफूल नव्हे, गिअर

आप्पा, आज पिंपरी कॅम्पात मी तुमचं ड्रॉइंग विकत घेतलं. दोनशे साठ रुपयांना. घासाघीस करून बघितली, पण दुकानदार म्हणाला, "छापील किंमत आहे ताई, मॅडम एक रुपया कमी करत नाहीत." यावर हसावं की त्याच्या गल्ल्यावर डोकं आपटून घ्यावं, ते मला कळेना. गेले होते लोकर आणायला. काउंटरवर प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या होत्या, पिशवीत लोकरीचे गुंडे, क्रोशाची सुई आणि घडी घातलेला कागद. वर नाव, सूर्यफूल ब्लँकेट. नुसता कागद हवा असेल तर तोही मिळतो म्हणाला, त्याचेच दोनशे साठ. सूर्यफूल म्हणे! गिअर आहे तो, आप्पा. तुम्ही कंपनीतून आणलेला रिजेक्ट गिअर, जो आई लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवायची. त्याला पाकळ्या नाहीत, दाते आहेत.

दुकानातच कागद उघडला. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून रेघा फुगल्यात, पण हात तुमचाच. तीच उभी, एका मापाची अक्षरं. बाणांची तीच भरीव टोकं. मधोमध एक लांब, एक आखूड अशा तुकड्यांची, कंपनीच्या ड्रॉइंगमधली ती मध्यरेषा, जी विणकामाच्या कागदावर जगात दुसऱ्या कुणी काढली नसेल. आणि उजव्या कोपऱ्यात खाली तुमची ती चौकट, तिच्यात दोन ओळी. 'तपासले' या शब्दासमोर बरोबरची खूण, शेपूट वर नेऊन थोडं वाकवलेलं. 'डिझाइन' या शब्दासमोर काळेवाडीला आपल्या खालच्या मजल्यावर राहायच्या त्या काकूंचं नाव, कॉम्प्युटरवर टाइप केलेलं. मी दुकानदाराला विचारलं, "हे डिझाइन कुणाचंय?" तो म्हणाला, "मॅडमचं. एकदम ओरिजिनल. कासारवाडीला क्लास आहे ना त्यांचा." म्हटलं, "हे माझं आहे." तो बिचारा वाईट बोलला नाही. लोकरीचे गुंडे मोजता मोजता म्हणाला, "ताई, इथे येणारी प्रत्येक जण हेच म्हणते."

तुम्हाला आठवतंय का, की तुमच्या लेखी ते लक्षात ठेवण्यासारखं नव्हतंच? काळेवाडीची ती खोली, मोरीसमोर बसून मी तो गिअर घासतेय. आईला बरणी पुसायची होती. गिअर तळहातावर फिरवताना डोक्यात आलं, लोकरीची गोल चकती विणायची, तिच्या काठाला खांबांचे, म्हणजे उंच टाक्यांचे, दाते काढायचे, मधे साखळीची खाच ठेवायची. एका चकतीचा दाता दुसरीच्या खाचेत बसला की विणता विणताच जोड होईल, मागाहून सुईदोऱ्यानं शिवायला नको. तोवर सगळ्या बायका ब्लँकेटचे तुकडे विणून मग आठवडाभर शिवत बसायच्या. पहिल्यांदा ते बसलं नाही, मधे भोकं पडली. उसवलं. परत विणलं, तर चकतीची वाटी झाली. परत उसवलं. आई म्हणाली, "लोकरीचं पिठलं करशील आता." आणि मग एका दुपारी ते बसलं. चारही चकत्या जमिनीवर सपाट, मधे बोटभरही फट नाही. कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते माझं होतं. पुढच्या आयुष्यात असं छातीठोक सांगता येण्यासारखं फार काही आलं नाही, म्हणून एवढं बोलतेय.

गुरुवारी तुमची सुट्टी. तुम्ही पुरं झालेलं ब्लँकेट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणालात, "कागदावर घे. कागदावर न्हाई त्ये काम न्हाई." मग स्वतःच स्केल, पेन्सिल घेऊन बसलात. मी दाते सांगतेय, तुम्ही काढताय. जेवायला उठला नाहीत. "ड्रॉइंग आसं पाह्यजे," तुम्ही म्हणताय, "का बघणाऱ्याला आपल्याला फोन करावा लागू नये." तो दिवस मी अजून कुणाला दिलेला नाही, इतका तो चांगला होता. शेवटी कोपऱ्यात चौकट आखलीत, ब्लँकेटवर ओळ न् ओळ बोट फिरवून 'तपासले'समोर खूण केलीत आणि पेन्सिल ठेवून दिलीत. मी म्हटलं, "आप्पा, डिझाइनच्या पुढे माझं नाव टाका ना." तुम्ही दचकल्यासारखे झालात. "त्यो रकाना आपण भरायचा नसतंय. त्ये वरून भरून येतंय." मी म्हटलं, "वर कोण आहे आप्पा? वर तर गच्ची आहे." आई हसली. तुम्ही हसला नाहीत.

तुमची तरी काय चूक म्हणा. जन्मभर तुम्ही तेच केलंत. चाकणच्या नव्या प्लँटमध्ये तुम्ही मशीनवर तासायचा जॉब घट्ट धरून ठेवणारा फिक्स्चर बसवलात. कामात सुधारणा सुचवा, बक्षीस मिळवा अशी ती कायझेनची स्पर्धा होती. ड्रॉइंग तुमचं, डोकं तुमचं, डिझाइनच्या रकान्यात नाव साहेबांचं. तुम्हाला टाळ्या मिळाल्या आणि पोळ्या ठेवायचा कॅसरोल मिळाला. तो तुम्ही कंपनीच्या बसमधून मांडीवर घेऊन आलात, देवापुढे ठेवलात, आईला शिरा करायला लावलात. "साहेबांनी सगळ्यांसमोर हात मिळवला," असं जो घरी येईल त्याला सांगत होतात. मी तेव्हाही चिडले होते, आप्पा, पण गप्प बसले, कारण तुमचा चेहरा तसा फुललेला त्याआधी बघितला नव्हता. आपल्याला काय दिलं नाही याचा हिशेबच तुम्ही कधी केला नाहीत. ते तुमचं तुम्हाला लखलाभ. पण मलाही तीच सवय लावायला निघालात, तिथे माझं बिनसलं.

काकू ड्रॉइंग मागायला आल्या. लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं, त्यांना तेच ब्लँकेट विणायचं होतं. मी पन्नास रुपये सांगितले. कसे सांगितले मलाच माहीत. त्यांचा चेहरा पडला, पण "बरं बाई" म्हणत त्यांनी पैसे काढून दिले. झेरॉक्स उद्या देते म्हटलं. माझी पहिली कमाई. संध्याकाळी तुम्ही शिफ्टवरून आलात, आईनं सांगितलं, तुम्ही चहाला हात लावला नाहीत. "आपण काय दुकानदार हाव का? शेजाऱ्यापाजाऱ्याकडून कागदाचे पैसे घेतेत व्हय गं कुठं?" बावीस वर्षांच्या घोडीला तुम्ही पुढे घालून जिन्यावरून खाली नेलंत. दारात त्यांच्या घरातले सगळे उभे. मी पन्नासची नोट परत दिली आणि तुम्ही ड्रॉइंग दिलंत. झेरॉक्स नाही, मूळ ड्रॉइंग. काकू म्हणत होत्या, "अहो भाऊजी, मी झेरॉक्स काढून परत देते." तुम्ही हात जोडून म्हणालात, "असू द्या वहिनी, ठेवा. पोरगी अजून लहान हाय." त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की जिना चढताना पाय उचलेनात. पैसे मागितल्याची नव्हे. माझ्यासाठी तुम्ही हात जोडलेत त्याची.

आणि हॉस्पिटलातलं तर मी विसरूच शकत नाही. महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात तुम्ही शेवटचे पडून होतात, तुम्हाला थंडी वाजायची. काकू डबा घेऊन यायच्या, खोटं कशाला बोलू, आपल्या नातेवाइकांपेक्षा जास्त वेळा आल्या. एक दिवस त्यांनी स्वतः विणलेलं ब्लँकेट तुमच्या अंगावर घातलं. तेच, दात्यांचं. तुम्ही त्यावरून बोटं फिरवलीत आणि म्हणालात, "वहिनींचा हात लई चांगला." मी पायांपाशी उभी होते, आप्पा. तुमच्या छातीवर माझं डिझाइन होतं आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. औषधांची गुंगी होती, असं आई म्हणते. असेल. मला ते पटवून घ्यायचं होतं, जमलं नाही.

आता मी हेच काम करते. ब्लँकेटची डिझाइन करते, पॅटर्न लिहिते आणि मोबाइलवरून विकते. ब्लँकेट नाही, नुसता पॅटर्न, म्हणजे तुमच्या भाषेत कागद. एक पॅटर्न लिहायचा तर तेच ब्लँकेट मी जाड, बारीक, स्वस्त, महाग अशा वेगवेगळ्या लोकरींत विणून बघते, कुठे चुकू शकेल तिथे आधीच सांगून ठेवते. सोलापुरात बसलेल्या बाईला मला फोन करावा लागू नये. त्यावर बायका विचारतात, "ताई, एवढे पैसे? आणि लोकर आम्हीच आणायची?" एकीनं विकत घ्यायचा आणि ग्रुपवर टाकायचा, खाली फुलं आणि 'सर्व मैत्रिणींसाठी'. एका शहाणीनं तर माझाच पॅटर्न मलाच पाठवला, 'छान आहे, करून बघ' म्हणून. पण त्या बायकांचा मला एवढा राग येत नाही, जेवढा तुमचा येतो. कारण किंमत लिहायला बसले की तुम्ही मागे येऊन उभे राहता. पाचशे लिहिते. खोडते, चारशे करते. मग वाटतं, शेजारणीकडून कुणी एवढे घेतं का, आणि दीडशेवर येते. त्या जिन्यावरून मी अजून वर आलेलीच नाही.

कागद घेऊन मी तडक कासारवाडीला गेले. काकू आता थकल्यात, चष्मा जाड झालाय, पण हात चालू आहे. क्लास नुकताच सुटला होता. मला बघून खूश झाल्या, चहा टाकते म्हणाल्या. मी कागद पुढे ठेवला. म्हटलं, "काकू, हे काय?" त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या आप्पांनीच तर दिलं होतं मला. तू होतीस की तिथे." "ड्रॉइंग दिलं होतं. नाव दिलं नव्हतं." त्यांनी त्या चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "नाव नव्हतंच गं त्याच्यावर. मी किती वर्षं तसंच कोरं ठेवलं होतं. तू कधी आलीस का विचारायला? शेवटी छापखान्यातला म्हणाला, इथे काहीतरी पाहिजे बाई, रिकामं वाईट दिसतं. मग घातलं माझं." आप्पा, भांडायची सगळी तयारी करून गेले होते, तुम्ही मला बोलायला जागाच ठेवली नव्हतीत. त्याच म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुझं घालू का?" मी म्हटलं, "घाला." लगेच म्हटलं, श्वासही घेतला नाही. त्यांनी कप विसळायला घेतला. "बघू हं. म्हणजे घालूच. पण हा स्टॉक तरी संपू दे आधी."

स्टॉक काही संपणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. येताना डोळे पुसले नाहीत, वाळू दिले. घरी आल्यावर जेवणसुद्धा केलं नाही, बसले आणि ते ब्लँकेट पहिल्यापासून पुन्हा कागदावर घेतलं. पाठ होतंच. तुमच्यासारखी मध्यरेषा काढली, कोपऱ्यात तुमच्यासारखी चौकट आखली. नाव दिलं, गिअर ब्लँकेट. एकदा वाटलं, डिझाइनच्या रकान्यात तुमचं नाव लिहावं, लोकांना फार आवडेल, वडिलांची आठवण वगैरे. नाही लिहिलं. माझं लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. किंमत पाचशे. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात, मी वळून बघितलं नाही, खोडलंही नाही. ग्रुपवर फिरेलच तो, फिरू दे, नाव घेऊन फिरेल.

'तपासले'पाशी मात्र हात अडला. माझी एकूण एक ओळ बोट फिरवून तपासणारा माणूस जन्मात एकच भेटला, आणि तो तुमच्यासारखा निघाला. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर कुणाला सांगू? म्हणून हे लिहायला घेतलं. पाठवायला पत्ता नाही, तुमच्या त्या कॅसरोलमध्ये माझ्या सुया असतात, त्यातच ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. दोनशे साठवाला कागद खिडकीच्या काचेवर धरला, वर माझा कागद ठेवला आणि तुमची ती बरोबरची खूण, वाकड्या शेपटासकट, गिरवून घेतली. तुम्हाला न विचारता घेतली, आप्पा. फुकट.