होल्डचं बटण

अण्णा, तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, आणि आज तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण काल गंगाखेडला जे झालं ते घरात कुणाला सांगायचा धीर होत नाही. बोरीच्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापायची आणि तुम्ही चुलीपासून जरा दूर पेटी मांडून मला बसवायचात. भाता तुमच्या हातात, पट्ट्या माझ्या. करंगळी आखडून मी बाकीच्या बोटांवर भागवलं की तुम्ही भाता सोडून द्यायचात. सूर मरून जायचा. "बोटं चोरायलीस का गं? पाच हायेत, पाचीबी कामाला लाव."

दोन वर्षांपूर्वी देवगाव फाट्यावर स्कूटीवरून पडले, कोपर मोडलं. हाड जुळलं, पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली ती झालीच. डॉक्टर म्हणतात, नसेला मार बसलाय, वेळ लागेल. मी शाळेत संगीत शिकवते. पोरांसमोर किती दिवस नुसतं बसून राहणार? म्हणून कीबोर्डावरचं अर्पेजिएटर शिकून घेतलं. तीन पट्ट्या एकदम दाबून धरायच्या, यंत्र ते स्वर सुटे करून एकामागून एक वाजवत राहतं. ऐकणाऱ्याला वाटतं, बोटं काय पळायलीत! पहिल्यांदा जमलं तेव्हा आनंदानं रडले. पण त्या दिवसापासून कुणी हाताकडं पाहिलं की मी पुढं झुकून हात झाकते.

काल महादेवाच्या मंदिरात श्रावणी सोमवारचं भजन होतं. पेटीवाले आजारी पडले म्हणून मला बोलावणं आलं. गाणाऱ्या सत्तरीच्या आजी, अनोळखी. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून त्यांनी सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. मग त्या रंगल्या, एका शब्दावर रेंगाळल्या, आणि माझं यंत्र काही रेंगाळेना. वेग कमी करायला डावा हात नेते तर घामानं बोट घसरतं आणि होल्डचं बटण दाबलं जातं. ते एकदा दाबलं की पट्टी सोडली तरी वाजणं थांबत नाही. मी घाबरून दोन्ही हात उचलते. अण्णा, माझे हात हवेत आणि कीबोर्ड आपला वाजायलाय! टाळ थांबले. पुढं बसलेली एक बाई म्हणाली, "अगं बया, रेकॉर्ड लावलीय की ही!" कुणीतरी हसलं. मला ते बटण दिसेचना.

आजी माझ्याकडं वळल्या. "बंद कर ते, पोरी. मला दम लागायलाय, त्याला लागत न्हाई."

"बंद केलं तर मला जमायचं न्हाई, आजी. दोन बोटं चालत न्हाईत माझी."

"मग राहिलेल्यानं वाजव. माझे तरी दात कुठं सगळे हायेत?"

वायरच उपटली, पुन्हा लावली आणि साध्या आवाजावर तीन बोटांनी सुरू केलं. दोनदा चुकीची पट्टी लागली. जिथं बोट पोचत नव्हतं तिथं मोकळी जागा राहायची. आजी तिथं थांबायच्या, माझी वाट बघायच्या, मग पुढं जायच्या. हळूहळू टाळकऱ्यांनी टाळ परत धरले. कुणी वाहवा केली नाही, पण भजन शेवटापर्यंत गेलं.

प्रसाद घेताना आजींनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला. "पेटीचं वळण हाय गं हाताला. कुणाकडं शिकलीस?"

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणूनच एवढं लिहायची हिंमत होते आहे. तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, अण्णा. मी म्हणाले, "कुणाकडं न्हाई. मोबाईलवर बघून."