कूलरवाल्याच्या भरवशावरचं पोवळं

घुग्घुस, १२ मे १९९९

आदरणीय बाबूभाई यांस नानाजीचा सलाम.

साबिराभाभी, नाहीद आणि तिचं बाळ तिकडे रत्नागिरीत खुशाल असतील. इकडे पारा सेहेचाळीसवर आहे, बाकी ठीक. तुमचं कार्ड मिळालं. पोस्टमननं ते आधी स्वतः वाचलं, मग माझ्या बायकोला, बायनाला, वाचून दाखवलं, मग मला दिलं. ‘पोवळं कूलरवाल्याच्या भरवशावर सोडलं, हीच चूक झाली’ हे तुमचं वाक्य आता गल्लीला पाठ आहे.

चूक कोणाची ते सांगतो. तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी तुमच्या समुद्री माशांच्या टाकीचा पंप जळला. (खालच्या टाकीत गाळलेलं पाणी वर परत चढवणारा. तो बंद पडला तर पोवळं दोन दिवसांत मरतं, हे तुमच्याच चिठ्ठीत आहे.) चिठ्ठीत पुढे एवढंच की टाकी दोनशे लिटरची, तासाला हजार लिटर फिरलं पाहिजे. किती उंच चढवून, ते नाही.

खाणीतलं पाणी उपसणारा पत्रू न बोलावता आला. “भाऊ, पाण्याले जोर पायजे,” म्हणत त्यानं अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर जोडली. तळाची वाळू वर आली, मासा काचेला चिकटला, पोवळ्यानं सगळे हात आत ओढून घेतले. पत्रू म्हणाला, “मासा खुश दिसून राह्यला.”

मग मी, पंचवीस वर्षं कूलर दुरुस्त करणारा माणूस, कूलरचा नवा पंप लावला. डब्यावर हजार लिटर छापलं होतं. कूलरमध्ये पाणी दोन फूट चढून वाळ्याच्या ताट्या ओल्या करतं. तुमच्याकडे साडेचार फूट. बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं. तासाला तीनशे. डब्यावरचा आकडा पाणी अजिबात चढवायचं नसतानाचा असतो, हे मला या वयात कळावं याचा संताप आहे. त्यात पंपाच्या पितळी स्क्रूला हिरवा रंग आला. (तांबं पोवळ्याला विष, हे मात्र चिठ्ठीत होतं.) तो पंप काढला आणि मिळेल त्या बसनं नागपूर गाठलं.

तिथून प्लास्टिकचा, अठराशे लिटरवाला आणला. साडेचार फुटांवर तो हजार देतो. तो बसवला तेव्हा बायनानं तुमच्या घरीच डबा आणला होता. पहिला घास घेतला आणि लाइन गेली. पंप थांबताच वरचं पाणी त्याच नळीतून उलटं उतरलं, खालची टाकी भरून वाहिली आणि भाभींच्या तांदळाच्या पोत्यात शिरलं. बायना म्हणाली, “आता भातात मीठ टाकाची गरज नाई.”

याबद्दल चिठ्ठीत अक्षर नव्हतं. मी वरच्या नळीला, पाण्याच्या पातळीच्या जराच खाली, बारीक भोक पाडलं. आता लाइन गेली की पाणी भोकापर्यंत उतरतं, नळी हवा ओढते आणि पाणी थांबतं. हे कूलरवाल्यानं केलं, असं कार्डावरच लिहून पाठवा. बंद पाकिटात नको.

नाहीदला आशीर्वाद.

आपला,
नानाजी

ता. क. पोवळं काल दुपारी पूर्ण उघडलं.

ता. क. दुसरा. टाकी तुमच्या घरी नाही. दिवसातून चारदा येणं होईना, म्हणून चौघांनी मिळून ती आमच्या बैठकीत आणली. कूलर तिच्याकडे तोंड करून ठेवला आहे. आम्ही दोघं बाजूला बसतो, जेवढी हवा मिळेल तेवढी घेतो.

ता. क. तिसरा. तेव्हा यायची घाई करू नका. बाळाचे चाळीस दिवस होऊ द्या, असं मी लिहीत होतो. बायना म्हणते, “चाळीसच काऊन? लेकरू लहान हाय. पावसाळा जाऊ द्या म्हना.”