गावकीची कवळी

सातारा,
ता. १२ डिसेंबर १९४६

चि. त्र्यंबक यास अंबूआत्याचे आशीर्वाद.

इकडे मी ठीक आहे. गुडघे त्यांच्या वयाप्रमाणे आहेत आणि थंडी तिच्या महिन्याप्रमाणे. तू, सौ. कुसुम आणि बाळ खुशाल असाल असे धरून चालते, कारण तुझे पत्र येत नाही, आणि आपल्या घराण्यात पत्र न येणे हेच खुशालीचे लक्षण मानतात. बाळाला दात येऊ लागल्याचे वहिनींनी कळवले. आनंद आहे. मात्र तू दंतवैद्य आहेस म्हणून त्या बाबतीत काही करायला जाऊ नकोस. ते आपले आपण येतात.

सांगलीहून आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की, तुझ्या दवाखान्यात खुर्चीच्या बरोबर समोर कातळवाडीच्या राहीबाईचा फोटो चौकटीत लावला आहेस. राहीबाई हसते आहे, तू शेजारी कोट घालून उभा आहेस, आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘दीनांच्या मुखी हास्य’ असे लिहिले आहे. फोटो चांगला आला आहे, त्यात वाद नाही. त्या राहीबाईची पुढची हकिगत तुला माहीत असावी, एवढ्यासाठीच हे पत्र. यात मागणे काही नाही. (जन्मभर शाळा चालवलेल्या बाईला मागण्याची सवय नसते, सांगण्याची असते.)

आमच्या दंतरक्षण समितीशी तुझा संबंध कामापुरता आला, म्हणून तिच्याबद्दल तुझे मत अजून चांगले असेल. समितीचे अध्यक्ष रावसाहेब. ते ‘दातांची निगा’ या विषयावर तोंडात पान ठेवून बोलतात, त्यामुळे पहिल्या रांगेत कोणी बसत नाही. समितीने पहिले काम केले ते पत्रक छापण्याचे. रोज दूध, पेरू व बदाम खावेत आणि ब्रश दर तीन महिन्यांनी बदलावा, असा त्यात उपदेश होता, आणि तो ज्यांना वाचता येत नाही अशा लोकांत वाटण्यात आला. पत्रकाचा कागद जाड होता, त्यामुळे लोकांनी तो जपून ठेवला. शिरवळपासून पाटणपर्यंत आमच्या पत्रकात भाजलेले शेंगदाणे मिळतात.

फुकट कवळीसाठी राहीबाईला निवडले मात्र मी, आणि भांडून निवडले. (रावसाहेबांच्या मनात त्यांच्या सासूबाई होत्या.) ती वस्तीवर राहते, मागेपुढे कोणी नाही, दुसऱ्याच्या शेतात मजुरी करून पोट भरते. वयाने माझ्याहून कितीतरी लहान, पण हिरड्या पिकून निम्मे दात गेलेले, आणि उरलेले हलत होते ते तू काढलेस. त्या भागात मजुरीतला एक वाटा दुपारच्या भाकरीने देतात. कोरडी भाकरी, चटणी, कांदा. बाकीच्या बाया खाऊन कामाला लागतात तेव्हा राहीबाई तांब्यात भाकरी भिजवून तिचा काला गिळत बसलेली असते. मालक म्हणतो, ही अर्धा दिवस जेवतच असते. म्हणून भांगलणीला, तण काढायला, तिला कोणी बोलावीनासे झाले. दात नाहीत म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून ती भिजवायची भाकरीही नाही. मी तिला विचारले, बाई, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, “चार बायांत बसून कोरडी भाकरी खावी आन् त्यांच्यासंगं उठावं, दुसरं काय न्हाई.” समितीच्या साऱ्या ठरावांत एवढा स्पष्ट ठराव मी वाचलेला नाही.

समारंभाला तू होतास, पण उशिरा आलास आणि फोटोग्राफरबरोबर लगेच गेलास, म्हणून मधला भाग सांगते. भैरोबाच्या देवळापुढे सभा होती. मी मिसरी लावण्याच्या घातुक चालीवर बराच वेळ बोलले. तंबाखू जाळून ती हिरड्यांना चोळल्याने काय काय होते ते क्रमवार सांगितले. शे-सव्वाशे बाया बसल्या होत्या, एकीनेही तोंड उघडले नाही. ती शिस्त पाहून रावसाहेब भारावले. नंतर कळले की सगळ्यांच्या तोंडात मिसरी होती. पुढे रावसाहेबांनी तुझी कवळी ताटात ठेवली, तिला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि ‘ही दंतपंक्ती आम्ही आज या गावाला अर्पण करीत आहोत’ असे म्हणून ताट हंबीरराव पाटलांच्या हातात दिले. पाटलांनी ते कपाळाला लावले. मग फोटोपुरती कवळी राहीबाईच्या तोंडात गेली. तू गेलास, आम्ही गेलो, टाळ्या संपल्या. (रावसाहेबांचे भाषण कोणी लिहून दिले होते, हा प्रश्न येथे गैरलागू आहे.)

त्यानंतर कित्येक महिन्यांनी मी परवा कातळवाडीला गेले ती राहीबाईला भाकरी खाताना पाहायला. कोळशाच्या गॅसवरची सर्व्हिस मोटार पाटणच्या अलीकडे तीन चढांवर थांबली आणि प्रत्येक चढावर उतारूंनी तिला वर पोचवली. मी ढकलले नाही, पण ढकलणाऱ्यांना नीट रांगेत उभे केले. गावात पोचते तो राहीबाई बांधावर एकटी, मांडीशी तांब्या, तांब्यात भाकरी. तोंड पूर्वीसारखे रिकामे. दात कुठे आहेत विचारले तर ती अगदी सहज म्हणाली, “पाटलाकडं. आज त्येंचं काम हाय कचेरीत.”

त्र्यंबक, मी पाटलांच्या वाड्यावर गेले. हंबीरराव कचेरीला निघण्याच्या बेतात होते, ते बाहेर आले, “या, बाई, या,” म्हणाले आणि हसले. तुझे काम मी ओळखले. पुढचे दोन दात तू जरा जास्तच पांढरे घेतले आहेस. प्रत्येक ‘स’ला शीळ वाजत होती, आणि बोलताना ते मधूनच हनुवटीखाली हात धरत, जसा आपण गळक्या कौलाखाली हंडा धरतो तसा.

आता गावकी म्हणजे काय ते तुला सांगलीत बसून कळणार नाही. प्रत्येक गावात सगळ्या गावाच्या मालकीची मोठी भांडी असतात. पातेली, हंडे, पराती. ती देवळात किंवा पाटलाकडे राहतात. ज्याच्या घरी लग्न असेल त्याने न्यायची, काम झाले की घासून परत करायची, वर देवाला एक नारळ. ताटातून, हळदकुंकू वाहून, देवळापुढे, पाटलाच्या हाती जी वस्तू येते ती गावकीची, हे कातळवाडीत पोरालाही ठाऊक आहे. ते फक्त दंतरक्षण समितीला ठाऊक नव्हते. त्यामुळे समारंभ संपताच राहीबाईकडून कवळी परत घेऊन परातींशेजारी ठेवण्यात आली. यात कोणी लबाडी केली असे कोणालाच वाटत नव्हते, आणि सर्वांत कमी राहीबाईला.

तेव्हापासून तुझ्या कवळीने जेवढी लग्ने जमवली तेवढी माझ्या ओळखीच्या एकाही मध्यस्थाने जमवलेली नाहीत. मुलगी पाहायला पाहुणे आले की मुलीच्या आजोबांच्या तोंडात कवळी. याद्या करायला बसले की वरबापाच्या. तोंडाचे माप वेगळे पडले तर आतून मेण लावायचे, फारच वेगळे पडले तर कणीक. काम झाले की राखेने घासून, चिंचेने उजळून, नारळासह परत. आणि हे त्या गावात, जिथे राहीबाईला पाणीसुद्धा वरून ओंजळीत वाढतात! मी पाटलांना तसे विचारले. ते म्हणाले, “आवं बाई, राखंनं घासल्यावर कसला इटाळ? भांड्याला चालतंय तर दाताला का न्हाई?” मोठमोठ्या पुढाऱ्यांना जे साधले नाही ते तुझ्या कवळीने साधले, पण पाण्याच्या तांब्यापर्यंत अजून पोचलेले नाही.

मी सांगितले, कवळी राहीबाईची आहे, तिच्या तोंडाचे माप घेऊन केलेली आहे, आत्ताच्या आत्ता काढा. त्यांनी काढली. (तोंडातून शीळ गेली, पण आवाज मात्र वाढला.) “म्हंजी काय? गावाला दिलेली वस्तू एकलीच्या झोपडीत ठिवायची? उद्या परात मागाल!” गडबड ऐकून लोक जमले आणि देवळापुढे आपोआप पंचायत बसली. पाटलांची बाजू भक्कम होती. ताट, हळदकुंकू, नारळ, रावसाहेबांचे शब्द, सगळ्याला अख्खा गाव साक्षी. माझ्या बाजूला नुसता न्याय होता, आणि तो पंचायतीत फार वेळ तग धरीत नाही. शेवटी आकाराम हवालदार उठला. नुकताच फौजेतून सुटून आलेला, अजून खाकी स्वेटर घालतो. तो म्हणाला, “फौजंत ज्येच्या मापाचा बूट त्येच्याच पायात, पाटील. मेण न लावता ज्येच्या तोंडात बसंल, त्येची कवळी. बोला!” (त्याच्याच घरी ती बापाच्या तोंडातून गेल्या सोमवारी परत आली होती, तरी तो हे बोलला, हे लक्षात ठेव.)

पाटलांनी मेण खरवडून कवळी घातली, “हे बघा” म्हणायला तोंड उघडले आणि ‘हे’वरच ती धोतरात पडली. लोक हसले. मग राहीबाईला पुढे बोलावले. तिने कवळी धुतली, घातली, ती बसली. कुठे शीळ नाही, कुठे डुगडुग नाही. त्या क्षणी, त्र्यंबक, मी तुझ्याबद्दल अतिशय चांगला विचार केला. तो किती वेळ टिकला ते आता सांगते. मी आकारामच्या घरून कोरडी भाकरी मागवली आणि तिच्या हातात दिली. सगळा गाव बघत होता. तिने कड दातांत धरली आणि ओढली. भाकरी तुटली नाही. कवळीच भाकरीला चावून बाहेर आली.

राहीबाईने ती भाकरीवरून सोडवली, पदराने पुसली, ताटात ठेवली आणि भाकरी तांब्यात बुडवली. मला म्हणाली, “हसाया लय बरी हाय, बाई. खायाला न्हाई. फोटूच्या दिशीच कळलं हुतं.” मग अगोदर का नाही सांगितलेस, असे मी ओरडले. ती म्हणाली, “इच्यारलंच कुनी न्हाई.”

यावर हंबीरराव पाटील हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, “मग बाई, आमचं काय चुकलं? आमीबी हसायलाच वापरत हुतो.”

 

असो. सौ. कुसुमला आशीर्वाद, बाळाला पापा. थंडीत गळ्याला मफलर बांधत जा. तुझ्या दवाखान्याची भरभराट होवो. माधवनगरच्या गिरणीवाल्यांना तू सोन्याचे दात बसवतोस असे ऐकले. त्यांची भाकरी कशीही तुटत असणार, पण आनंद आहे.

तुझी,
अंबूआत्या

ता. क. : सोबतच्या डब्यात कवळी आहे. ती मी गावकीतून रीतसर मागून आणली आहे, नारळही माझाच. माघात पाटलांच्या नातीची बघाबघी आहे, त्याआधी परत देण्याचा शब्द दिला आहे. नुसती डोळ्यांनी पाहा, तीच दुरुस्त करीत बसू नकोस. ती हसण्यासाठी त्यांच्याकडेच राहू दे.

दुसरा ता. क. : तू कॉलेजात असताना माझ्या माळ्यावर ठेवून गेलेले जाड पुस्तक खाली काढले. त्यात स्पष्ट लिहिले आहे की दात उपटल्यावर हिरड्या आटतात, म्हणून कायमच्या कवळीचे माप काही महिने थांबून घ्यावे. तू फोटोग्राफर मोकळा होईपर्यंत थांबलास. आता हिरड्या आटून ठीक झाल्या आहेत, मी स्वतः बोट घालून पाहिले. तेव्हा मेण, प्लॅस्टर, जे काही लागते ते घेऊन येत्या बुधवारी सकाळी सातारा स्टँडवर ये. माप घेण्यात घाई करायची नाही, आणि कवळी तोंडात बसल्यावर तिने भाकरी खाऊन होईपर्यंत तू समोर बसायचे. हे मागणे नव्हे.

तिसरा ता. क. : तू येणार हे मी गावात सांगून टाकले आहे. राहीबाईने निरोप दिला तो तसाच कळवते : “डाक्टरला म्हनावं, दिसाया कशीबी असू दे. वाकडी आसली तरी चालंल. मी काय त्येंच्याकडं बघून हसनार न्हाई.”