मनवारीचं पोट

नाते, ता. १४ फेब्रुवारी १९२६

आंब्याची फळी पुन्हा चिरली. भागीने उचलून चुलीत घातली आणि वर म्हणाली, "तुमची बोट जळते मात्र झकास." बायको आहे का दुष्मन, कळत नाही.

कंबर आज बसू देत नाही. गोदीतल्या परांचीवरून पडलो त्याला चार वर्षं झाली. मुंबई सुटली, कंबर सुटत नाही.

ता. १७

शिवणीचं लाकूड मिळालं. हलकं, कोरायला मऊ, चिरत नाही. आता होईल.

माप ठरवलं. दहा फुटाला एक बोट. म्हणजे बोटाच्या मापाची बोट. भागीला सांगितलं. हसली नाही.

ता. २३

पोट झालं. महारवाड्यातले सगळे येऊन बघून गेले. म्हातारा भिवा उकिडवा बसून न्याहाळत होता. म्हणे, "लढाईची मनवार म्हन्तोस, आनि तोफा रं कुठंयत?"

काय सांगू? वरचं मी पाहिलेलंच नाही. कोरड्या गोदीतलं पाणी उपसलं की जहाज ठोकळ्यांवर उघडं बसायचं, आणि आम्ही खाली शिरायचो, शेवाळ नि कालवं खरवडायला. जिची ही नक्कल, ती लढाईच्या दिवसांत आली होती. शिडीवर पाय ठेवायची मनाई. नावसुद्धा ठाऊक नाही, तळाला नाव लिहीत नाहीत. पण पोट कुठे फुगतं, कुठे आवळतं, पुढची सोंड पाण्याखाली कशी निघते, ते हाताला पाठ आहे. डोळे मिटून कोरतो.

पोट छान झालंय. आणि तेच पाण्याखाली जाणार. माझी कामं अशीच.

ता. २ मार्च

दासगावला गेलो होतो, लाकडाच्या गाडीत बसून. हसनमियाँ त्याच वर्षी त्या जहाजावर कोळसा चढवत होता. वरचं सगळं त्याला ठाऊक. ओटीवर कोळशानेच काढून दाखवलं. "दोन धुराडी रे तान्या, चार नाय! पुढं दोन तोफा, मागं दोन, या येवढ्या. आनि कुशीला बारक्या तोफा, भोकाभोकांतनं." मी चार धुराडी धरून बसलो होतो. केलेलं मोडायची वेळ आली असती.

चहा दिला. स्वतः पितो त्याच कपातून. बाहेर पडताना मिठी मारली. येताना गाडीत उगाच भरून आलं.

ता. १०

घासलेटचा डबा कापून धुराडी, तोफा, डोलकाठीवरची टोपली झाली. काजळी, चुना, जवसाचं तेल, रंग अगदी तसाच करडा. दिसते मोठी झोकात.

नदीत एकच डोह उरलाय, त्यात म्हशी. तिथे सोडली. सोडताक्षणी कुशीवर पडली. पोरं टाळ्या पिटत होती. कसाबसा हसलो.

ता. १२

चूक समजली. खऱ्या मनवारीच्या तळात पाण्याच्या टाक्या असतात. त्या भरल्या की ती ताठ उभी राहते. किती वेळा त्या टाक्यांचं पाणी अंगावर घेतलंय, आणि नेमकं तेच विसरलो. गाढव.

उरलेल्या पत्र्याच्या दोन चपट्या टाक्या केल्या, माठातलं पाणी भरलं, कथलाचा डाख देऊन तोंडं बंद केली, तळात बसवल्या. आता हलत नाही.

भागीने जे तोंड सोडलं! नदी आटलीये. वाळूत झिरा खणून करवंटी करवंटीने ती घागर भरते. उन्हं चढेपर्यंत तिथेच असते. "पोरास्नी पियाला पानी नाय, आनि ह्यांच्या बोटीला पोटभर!" तिचं खोटं नाही. पण आता डाख कोण काढणार.

ता. १९

आज नवलच घडलं.

महाडचे बापूसाहेब वकील नात्याला कुणाच्या तरी जमिनीच्या भानगडीसाठी आले होते. दमणीचं चाक निखळलं ते आमच्याच वाड्यापाशी. मनवार अंगणात वाळत होती. बघतच राहिले. "अरे तान्या, हे तू केलंस? विलायतेत जन्मला असतास तर कुठल्या कुठे गेला असतास!"

मी नुसता रामराम केला होता. बाकीचे जोहार करतात. त्यांनी लक्षात न आल्यासारखं केलं. माणूस बरा वाटला.

म्हणाले, "एप्रिलात मुंबईचे साहेब येताहेत. शाळेत प्रदर्शन आहे. ही आपण महाडच्या तळ्यात सोडायची. आणि सोडायचीस तू. स्वतःच्या हाताने."

"तळ्यात? मी?"

"म्युनिसिपालटीचा ठराव झालाय रे. तळं सगळ्यांना खुलं. कागद आहे ना माझ्याकडे."

चाक बसलं, गेले. मी तसाच उभा.

ता. २०

हाताला काम नाही आज. हातच बघत बसलो.

बाबा पलटणीतले. पेन्शन आणायला महाडला जायचे ते कोट घालून, छातीवर तिन्ही बिल्ले लावून. लहानपणी मला न्यायचे. रस्ता तळ्याकाठून जातो. मी म्हणायचो, तहान लागली. ते म्हणायचे, घरी गेल्यावर. सरकारसाठी मुलखामुलखाचं पाणी पिऊन आलेला माणूस, त्या तळ्याचं नाही प्यायला. मेला तोवर नाही.

मला एकदा त्या पायऱ्या उतरायच्या आहेत. बोट सोडायची आणि ओंजळ भरून प्यायचं. बस. दुसरं काही मागणं नाही.

भागीला सांगितलं. म्हणाली, "वकील बोलला आनि तुमी ऐकलं." एवढंच.

ता. ४ एप्रिल

बाबांचा कोट काढला. बाह्या कसरीने खाल्ल्यात. बिल्ले चिंचेने घासले. भागी बघत होती. तिने आपणहून बाह्यांना ठिगळं लावली. 

ता. ११

बापूसाहेबांचा निरोप आला म्हणून महाडला गेलो. अंगणात उभा केला. ते वर ओटीवर, झोपाळ्यावर. बोलताना झोपाळा थांबला नाही.

"गाव तयार नाही रे तान्या. मी स्वतः मानत नाही, तुला ठाऊकच आहे. पण साहेबांसमोर तमाशा नको."

"म्हंजे बोट नको?"

"छे छे, बोट हवीच! लाकडाला विटाळ नाही, शास्त्रच आहे तसं. वर थोडं गोमूत्र शिंपडू, लोकांचं समाधान. शिपाई सोडेल पाण्यात."

"आनि मी?"

"तू रस्त्यावरून बघ ना. तिथून तर फार छान दिसतं."

ठरावाच्या कागदाचं विचारलं. हसले. "कागद कागदाच्या जागी असतो रे."

शिवणीच्या ओंडक्याला तळ्यात जाता येतं. तो ओंडका कोरणाऱ्याला येत नाही. लाकूड होऊन जन्मायला हवं होतं. थू तिच्यायला असल्या शास्त्राच्या.

ता. १२

भागी: "देऊ नका. चुलीत घाला. मी पेटवते."

बरोबर बोलते. तरी मी देणार आहे. मला ती पाण्यावर उभी राहिलेली बघायची आहे. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते खरं.

ता. १७

देऊन आलो. कोट नेला नव्हता.

शाळेच्या आवारात भटजींनी गोमूत्र शिंपडलं. लाकडाला, पत्र्याला, रंगाला, सगळ्याला काहीतरी मंत्र निघाला. तेलाचा रंग, थेंब नुसते ओघळून गेले. उलटीसुलटी करून पाहिली, कौतुक केलं. एकाने हलवून बघितली. आत डुबुक वाजलं. "तळाला वजन आहे ते," मी म्हटलं. कसलं वजन, ते कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

बापूसाहेबांनी पुढच्या अंगाला इंग्रजीत नाव रंगवून घेतलंय. कुणाचं, मला वाचता येत नाही. विचारलं नाही.

ता. १८

रस्त्यावर, पिंपळाखाली उभा होतो. कंबर ठणकत होती.

शिपायाने डोलकाठीला धरून उचलली. अशी कुणी उचलतं? पण सोडली, आणि उभी राहिली. ताठ! जराही झुकली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडून "हां!" निघालं, शेजारचा गाडीवान दचकला.

मग ते गोरे साहेब स्वतः पायऱ्या उतरले. बूट पायरीवर ठेवले, बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात घातला पाण्यात आणि बोट ढकलली. काय काय खाणारा हात तो. कुणी चकार शब्द काढला नाही. भटजी हसत होते.

जोरात ढकलली. तिकडच्या पायरीच्या दगडावर आपटली. आवाज मला इथे ऐकू आला. परत फिरून मध्यावर गेली. मला कळलं, टाकीचा डाख सुटला. पाणी पोटात मोकळं झालं की जहाज सरळ राहत नाही. हळूहळू कुशीवर कलली, तोफांच्या भोकांतून पाणी आत शिरलं. दोन धुराडी दिसत होती, मग एक, मग काही नाही.

शिपायाने बांबू घालून पाहिलं, पोचला नाही. साहेब म्हणाले असतील काहीतरी गमतीचं, सगळे हसले. बापूसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच आत शिरून भोक पाडून आलो.

घरी येईपर्यंत रडू आलं नाही. भागीसमोर आलं.

ता. १९

भागीने विचारलं, "टाक्यांतलं पानी?"

"फुटल्या त्या."

"म्हंजे माझ्या झिऱ्याचं पानी त्यांच्या तळ्यात?"

हो म्हटलं.  मग हसायला लागली ती थांबेचना. पदर तोंडात कोंबला. "आवो, आज सोमवार! अख्खं महाड आंघुळ करून माझं पानी पिलं असंल!" मलाही हसू फुटलं. कधीपासून असे दोघं हसलो नव्हतो.

मग म्हणाली, कुनाजवळ बोलू नका. वाड्यावर काठ्या घेऊन येतील. हसू तिथेच संपलं.

ता. २५

महाडच्या बाजाराला गेलो होतो. तळ्याच्या पाण्याला घासलेटचा वास येतोय म्हणे. साहेबाच्या बोटीचा रंग उतरला असेल, असं लोक म्हणतात. पितात मात्र. कुणी आजारी नाही, कुणाचा देव कोपला नाही, भटजींचा आवाज वेशीपर्यंत खणखणीत ऐकू येतो.

आणि भागी आज झिऱ्यावरून आली ती उन्हं कलायला लागल्यावर. निम्मी घागर.

ता. ३ मे

बापूसाहेबांचा माणूस आला. साहेबांना फार आवडली होती. दिवाळीनंतर पुन्हा येणार आहेत. दुसरी कर, याहून मोठी.

मी काही बोलायच्या आत भागी आतून म्हणाली, "करा की. पानी मी देते."

त्या माणसाला काय कळणार. मला हसू यायला हवं होतं. उलट डोकं फिरलं. तो गेल्यावर तिच्यावर ओरडलो. चोरून पाणी धाडून काय मिळवलं आपण? त्यांनी ते न कळता प्यायलं, आणि मी कळून सवरून पिंपळाखाली उभा राहिलो. मला पाणी पाठवायचं नव्हतं गं. मला जायचं होतं.

 थोड्या वेळाने तिने पाण्याचा तांब्या समोर आणून ठेवला.

ता. ६

रागावर तिला बोललो ते वाईट झालं. आज झिऱ्यावर मी गेलो तिच्याबरोबर, काठी टेकत. वाळूत बसून करवंटीने भरलं. गढूळ येतं, मग थांबायचं, मग निवळ येतं. मी मुंबईत असताना हे ती एकटी करत होती.

ता. ९

वकिलांकडे निरोप धाडला. बोट करतो. पण या वेळी टाक्या रिकाम्या आणीन. पाणी तिथेच भरायचं, तळ्यातलं, पायऱ्या उतरून, आणि ते मी भरणार. त्याशिवाय ती उभी राहायची नाही, सोडल्या सोडल्या पडेल, साहेबांसमोर. माणूस म्हणाला, सांगतो.

ता. २१

निरोप नाही.

शिवणीचा नवा ओंडका अंगणात आहे. तळाचा आकार काढून ठेवलाय. कोटाचं एक बटण तुटलं होतं, ते भागीने लावलं.

तिने विचारलं, "आनि नाय म्हनाले तर?"

नाही म्हणाले तर काय. पायऱ्या कुठे आहेत ते मला माहीत आहे.