पेट्रोलच्या पैशात घरी

२० ऑगस्ट, लोफोटेन, नॉर्वे

अंड्यांवरून भांडण! सहा अंडी घेतली, एवढंच. हार्मेननं पिशवीतून पावती शोधून काढली आणि मनातल्या मनात क्रोनरचे युरो केले. "येत्स्के, एवढ्यात आपल्याकडे कोंबडी येते." मग खोकला. तो खोकत होता तोवर मी अंडी उकडायला टाकलीसुद्धा. नंतर दोन खाल्ली त्यानं, मिटक्या मारत.

कॅरॅव्हॅनच्या बाकाखाली घरचे बटाटे अजून अर्धं पोतं आहेत. चीज, टोस्ट, घेवड्याचे डबे, कॉफी — सगळं घरून, हॉलंडमधल्या फ्रीसलंडहून बांधून आणलंय. निघताना शेजारीण म्हणाली, "सहलीला चाललात की लढाईला?"

चाळीस वर्षं मी नॉर्वे म्हणत होते आणि तो "पुढच्या वर्षी" म्हणत होता. दर उन्हाळ्यात आमच्या किनाऱ्यासमोरचं तेच बेट, तोच तंबू. जूनमध्ये डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात सगळीकडे पसरलंय, नाताळ धरून चालू नका. त्या संध्याकाळी त्यानं नकाशा काढला. मला आनंद झाला होता. आनंद! काय बाई आहे मी.

२२ ऑगस्ट

ऊन पडलं. डोंगर थेट समुद्रातून वर आलेले. तो ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत बसला, बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "छान आहे." आणि मग — "बघायला फुकट आहे, ते आणखी छान."

कॉफीबरोबर एकेक बिस्किट. डब्याचं झाकण लगेच बंद. त्याची आईही असंच करायची. मला दुसरं हवं होतं. मागितलं नाही.

२३ ऑगस्ट

पाऊस. दिवसभर आडवे.

२५ ऑगस्ट

सकाळी रुमालात रक्त. इथल्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण आहे, मऊ बोलते. "दाखल करून घेऊ का?" हार्मेन म्हणाला, घरी जायचंय. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला कळली.

गाडीत बसून हिस्केला फोन केला. लेक रडायलाच लागली. "आई, विमानानं आण बाबांना! पैसे मी देते." त्यानं फोन हिसकावून घेतला. "तू पैसे देणार? आधी मी दिलेली सायकल परत कर." तिकडे ती रडता रडता हसली. मग तो म्हणाला, मी इथं मेलो तर घरी आणायला काय पडतं, विचार कुणाला तरी. ती नाही म्हणाली. त्यानं हट्टच धरला.

तासाभरानं तिचा फोन आला. आमची गाडी आणि कॅरॅव्हॅन दोन्ही विकल्या तरी पुरायचं नाही. विमा नाहीच. आजार आधीच कळलेल्याला कोण देतं?

"बघ," तो म्हणाला, "जिवंत माणूस पेट्रोलच्या पैशात घरी येतो. मेल्यावर भाडं वेगळं. चल, निघू."

तर आता एवढंच काम. आपली सीमा ओलांडेपर्यंत त्याचा श्वास चालू राहायला हवा. मला तो त्याच्या पलंगावर हवाय, कालव्याकडच्या खिडकीपाशी. तो पैशांचं बोलतो. मला वाटतं, त्यालाही तेच हवंय. पण तसं म्हणेल तर शपथ!

२७ ऑगस्ट, स्वीडन

नुसती झाडं. गाडी मीच चालवते. मुक्काम एका चर्चच्या मागे, दफनभूमीच्या भिंतीला लागून. ही त्याची जुनी युक्ती — फुलांसाठी नळ असतो, संडास स्वच्छ असतो आणि भाडं मागायला कोणी येत नाही. बादली त्यालाच भरायची होती. अर्ध्या वाटेत एका दगडावर बसला, थडग्यांवरची नावं वाचत.

"नशीबवान आहेत. आपल्याकडे मेल्यावरही जागेचं भाडं, वीस वर्षांनी पुन्हा भरा."

मी हसले नाही. बादली घेऊन आले.

२९ ऑगस्ट

तो जेवला नाही. बटाटे कुस्करून दूध घातलं. दोन चमचे.

३० ऑगस्ट

आज माझा तोल सुटला. रस्त्यालगत हॉटेल दिसलं — खरा पलंग, गरम पाणी. मी गाडी थांबवली. हा उतरेना! मी ओरडले, "कवडीचुंबक! मरायला टेकलास तरी खिसा सोडवत नाही?" एक जोडपं वळून बघायला लागलं.

तो शांतपणे म्हणाला, "ते पैसे तुला लागतील. नंतर. हीटर कमी कर म्हणून सांगणारा नसेल ना कोणी. उधळशील सगळे."

मी गाडी सुरू केली. रस्ता नीट दिसत नव्हता.

२ सप्टेंबर

दिवसभर डोळे मिटून. बोललं तरी उत्तर नाही. हिस्केचं नाव घेतलं, नाही. मग पेट्रोल पंप आला आणि मी सवयीनं पाटीवरचा भाव मोठ्यानं वाचला. डोळे उघडले! "पुढच्या गावात भर. हमरस्त्यावर लुटतात."

म्हणजे हे औषध आहे तर. आता दिसेल तो भाव वाचते. पंपाचा, सॉसेजचा, पार्किंगचा. तो दरवेळी पुटपुटतो — "चोर." "भामटे." डेन्मार्कच्या पुलाचा टोल तर त्यानं स्वतःच वाचला आणि बोटीनं का नाही आणलं म्हणून मला चांगलं सुनावलं. तोंडावर रंग आला होता. मी इतकी खूश झाले की पुढच्या पुलाचा भाव थोडा वाढवूनच सांगितला.

३ सप्टेंबर

रात्री त्यानं स्वतःहून बिस्किटांचा डबा काढला. मला एक दिलं. झाकण हातात धरून बसला. मग आणखी एक दिलं. "लोफोटेन पाहिलं ना आपण," म्हणाला. पाहिलं रे.

मला भीती वाटते आहे.

४ सप्टेंबर, जर्मनी, फ्लेन्सबुर्गच्या पुढे

हमरस्त्यावरच्या थांब्यावर आहे. तो सकाळपासून झोपलेला. मी आत जाऊन दोन कॉफ्या घेतल्या, वर सफरचंदाचा केकही. तिथलं सगळ्यात महाग जे होतं ते. कप त्याच्या हाताशी धरला आणि भाव सांगितला. पुन्हा सांगितला. मग आपल्या फ्रिशियन बोलीत, ओरडून.

काही म्हणाला नाही.

हात गार आहेत. गेला हार्मेन.

इथं कोणाला तरी बोलवायला हवं, ते कळतंय मला. आपली सीमा अजून चार तास. त्याची टोपी सारखी केली, ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलं, पट्टा लावलेलाच आहे. दोन्ही कॉफ्या प्यायले, टाकून कशा देणार! पेट्रोल काल हमरस्ता सोडून गावातच भरलंय, त्यानं सांगितलं होतं तसंच.

चल, निघू.