कॅप्टनचं नाक

२ डिसेंबर
तळमजल्यावर नवा भाडेकरू आलाय! साठीचा, एकटा, डोक्यावर जहाजावरची टोपी. सामान काय, तर एक ट्रंक आणि पातेली. नुसती पातेलीच पातेली — एक तर इतकं मोठं की दारातून आडवं करून आत न्यावं लागलं. एकट्या माणसाला एवढी भांडी कशाला?
टोपीवरून जिन्यात सगळ्यांनी त्यांचं नाव ‘कॅप्टन’ ठेवून टाकलं.

४ डिसेंबर
दुकानात चष्म्यात भिंग बसवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मालक म्हणाले, “जेवलात का?” हो म्हटलं. चहा-बिस्किटं म्हणजे जेवणच की.
ताई गेल्यापासून एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही. दोघी बहिणी इतकी वर्षं ताटाला ताट लावून जेवलो. आता एकच ताट घ्यायचं म्हणजे — जाऊ दे.
दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी (शाळेत शिकवतात, आणि आम्हालाही!) भाताचा डबा पाठवला होता. खाली कपाटात ठेवून आले.

५ डिसेंबर
कपाटाबद्दल लिहून ठेवते, कारण कॅप्टननी आज विचारलं. कोपऱ्यावरचा काचेच्या बाटल्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा मॅडमनी जिन्याखालचं जुनं कपाट धुऊन-पुसून तिथेच उभं केलं. ज्याच्याकडे खाणं जास्त त्याने ठेवावं, ज्याला हवं त्याने न्यावं. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. आमच्या गल्लीत निम्मी घरं त्या कारखान्यावर चालायची.
“आणि तुम्ही?” कॅप्टन म्हणाले.
“मी ठेवते,” म्हटलं. “मला काय कमी आहे?”
त्यांचं दार कपाटासमोरच आहे. उघडंच असतं. बसल्या बसल्या सगळं दिसत असणार.

८ डिसेंबर
कळलं! कॅप्टन नाहीत ते. जहाजावर आचारी होते! मालवाहू जहाज, भर समुद्रात वादळातसुद्धा तीस-तीस माणसांचा स्वयंपाक. मॅडमनी खोदून खोदून काढून घेतलं. मी नुसती उभी होते. (कान टवकारून.)

९ डिसेंबर
मॅडमच्या डोक्यातून कल्पना निघाली की निघाली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी साऱ्या गल्लीने एकत्र जेवायचं, आणि रांधायचं कॅप्टननी.
कॅप्टननी कानांवर हात ठेवले. “नाक गेलंय माझं. तापात गेलं ते परत आलं नाही. वास नाही, चव नाही. आंधळ्याला सुईत दोरा ओवायला सांगताय!”
मॅडम कसल्या ऐकतात! मग ते म्हणाले, “बरं. पण चाखायला माणूस द्या. रोज. आधी करून बघावं लागेल.” आणि सरळ माझ्याकडे बोट — “ह्या रिकाम्या दिसतात.”
रिकाम्या!! दिवसभर दुकानात उभी असते मी!
पण नाक गेलेला माणूस स्वयंपाक करतो कसा? बघायला तर हवंच.

११ डिसेंबर
मसुराचं सूप. मी चमचाभर घेतलं, म्हटलं, “छान.”
“छान म्हणजे काय? ते माझ्या नाकाला कळत नाही. चमचाभराने पहिलं मीठ कळतं फक्त. वाटीभर घ्या.”
घेतलं. मीठ कमी, लिंबू हवं. त्यांनी लिंबू पिळलं. “आता निवल्यावर परत.” परत वाटीभर.
कडक मास्तर आहेत! वर आल्यावर अंथरुणावर पडले ती झोपलेच.

१४ डिसेंबर
आज विचारलं, “कांदा परतला की वास कसा येतो, सांगा बघू.”
काय सांगणार? जन्मभर घेतलेला वास, पण शब्दात कधी धरला नाही. शेवटी म्हटलं, “शाळेतून घरी येतो ना आपण, पायऱ्या चढताना आत कोणीतरी आहे हे आधीच कळतं — तसा.”
ते चटकन पाठमोरे झाले. बराच वेळ कढई घासत राहिले. कढई स्वच्छच होती.

१७ डिसेंबर
दुकानात एक डॉक्टरीणबाई चष्मा न्यायला आल्या. चष्म्याच्या नाकावरच्या पट्ट्या नीट बसवता बसवता विचारून घेतलं — गेलेला वास येतो का परत? म्हणाल्या, येतो कधीकधी. रोज ओळखीचे वास हुंगायला द्या.
संध्याकाळी लवंग, साबण, संत्र्याची साल घेऊन गेले. कॅप्टननी एकेक शहाण्या मुलासारखं हुंगलं. “काही नाही.” मग मी फिनेलची बाटली नाकाशी धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी! तरी, “काही नाही.”
वाईट वाटलं. इतका मोठा आचारी.
उद्या कापूर नेऊन बघते.

२१ डिसेंबर
आज बटाटे-गाजरांचा रस्सा आणि भात. दोन वेळा घेतला. चाखायला म्हणून नव्हे — भूक होती. त्यांना कळलं नसावं.
गप्पांच्या ओघात ताईचं सांगितलं. तिचा आजार, तिचं सतत हसणं, रिकामी खुर्ची. त्यांनी ताटात आणखी भात वाढला.

२६ डिसेंबर
वर्षअखेरच्या भेटीची पाकिटं भरायला सगळ्या जमलो. प्रत्येक दारात एक — डाळ, तांदूळ, साखर, सुका मेवा, मुलांना रंगीत खडू. सगळ्या दारांत सारखंच, म्हणजे कोणाला खाली बघायला नको. मॅडमचा हुकूम.
घरी आले, ताईचं कपाट उघडलं. तिचा निळा लोकरी कोट. इतके महिने हात लावला नव्हता. कारखान्यातल्या फोरमनच्या बायकोला दिला. तिने तिथल्या तिथे घातला. बाह्या थोड्या लांब. “गरम आहे हो!” म्हणाली.
रडू येईल वाटलं होतं. नाही आलं.

३१ डिसेंबर
घात! ऐन आज दुकानात गर्दी. सुटले तोवर उन्हं उतरली होती. धावत आले — चाखणार कोण? साऱ्या गल्लीचं जेवण बिघडलं तर!
गल्लीत टेबलं मांडलेली, ते राक्षसी पातेलं चुलीवरून उतरलेलं. घाबरत घाबरत एक घास घेतला. मीठ नेमकं. लिंबू नेमकं. कुठे बोट ठेवायला जागा नाही!
“न चाखता कसं जमलं?”
“हाताला सवय असते,” कॅप्टन म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.
फोरमन पंगतीत वाढत होता. कारखाना बंद झाल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता म्हणे. आज ओरडत होता — “भात कोणाला? लाजू नका!” मॅडमच्या आवाजापेक्षा मोठा!
मी कॅप्टनशेजारी जेवले. पोटभर.

३ जानेवारी
सकाळी जिन्यात कॅप्टन भेटले. “आधी वर जा,” म्हणाले. “तुमच्याकडे काहीतरी करपतंय.”
धावले. मसूर तळाला लागले होते. गॅस बंद केला आणि हात तिथेच थांबला.
तशीच खाली पळाले. “वास कधी परत आला तुम्हाला?”
“गेला कुठे होता?” ते म्हणाले. “रोज कपाटात आणून ठेवायचात. घेताना कधी दिसला नाहीत. कपडे ढगळ, पाय लटपटत होते. जेवायला या म्हटलं असतं, तर आला असतात?”
नसते आले.
इतके दिवस मला खोटं सांगितलं! आणि ती फिनेलची बाटली!! रागवायचंय मला त्यांच्यावर. चांगलं कडकडून.
वरवरचे मसूर बरे आहेत. जेवते आधी, मग रागावते.