कॉम्प्युटरला विचारून बांधलेलं घर

६ मार्च १९७७, शिरड शहापूर
पंधरा दिवसांची रजा. मुंबईत रूममेटच्या रेडिओमुळे रिसर्च अडला होता. इथं शांतता आहे. भारताचा तुकडा आशियाला ढकलून राहिलाय, ती हिमालयाची जागा कागदावर घ्यायची, तिचे त्रिकोण पाडून जाळी करायची, आकडे कार्डांवर उतरवायचे आणि कार्डं कॉम्प्युटरला द्यायची. कुठं किती ताण, काय किती वाकणार, ते तो सांगेल. सर म्हणाले, जाळीची जी टोकं हलणार नाहीत ती आधी पक्की कर. ते सोपं आहे, शेवटी करीन.
उद्यापासून पहाटे पाच.

७ मार्च
आठला उठलो. प्रवासाचा शीण.

९ मार्च
बाबांबरोबर वारंगा फाट्याला. माझ्या बहिणीचं, चांगुणाचं, लग्न बुद्धपौर्णिमेला ठरलंय. नवरदेव सोनाजीचं फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. त्याचे वडील मुंजाजी मागं दोन खोल्या बांधतायत. आधी घर, मग लग्न.
मुंजाजींनी विचारलं, तुम्ही शिकता काय? शिकतोय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण हॉटेलात माणसं होती. जमीन कशी सरकते, कशी दबते, सगळं सांगितलं. लोक चहा प्यायचे थांबले. मुंजाजी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तिकडं धरणाच्या कामावर होते, त्यांनी भिंती बसताना पाहिल्यात. हळूच म्हणाले, "मंग आमी भिंती उचलाव का न्हाई?" मी म्हणालो, कॉम्प्युटरचं उत्तर आल्याशिवाय सांगता येणार नाही.
वजनदार वाक्य. बाबा माझ्याकडे बघत होते. अभिमानानं असावं.

१२ मार्च
अभिमान नव्हता. चुलतभाऊ कोंडीबा बातमी घेऊन आला: मुंजाजींनी काम थांबवलं. भिंती कमरेइतक्या आल्यात, पुढं कॉम्प्युटर सांगेल तसं. घर नाही तर लग्नही नाही. बाबा म्हणाले, "छप्पन साली बौद्ध झालो तवा आमी पंचांग सोडलं. तू मुंबईहून नवं आणलं व्हय?"
जेवण गेलं नाही. माझ्या जाळीत हिमालय आहे, वारंगा फाटा नाहीच. एवढं एक वाक्य सांगितलं की मिटलं. उद्या जातो.

१३ मार्च
गेलो. मुंजाजींनी कोंबडं कापलं होतं, ऐकायला शेजारपाजारही बोलावला होता. अशा वेळी कसं सांगणार? काम प्रगतिपथावर आहे, म्हणालो. रस्सा उत्तम.

१७ मार्च
चांगुणा माळवदावर माती दाबत होती. आमचं छत मातीचं. दरवर्षी पावसाच्या आधी ते खणून-लिंपून तिची कंबर मोडते, आणि गळतं ते गळतंच. वरूनच म्हणाली, "काहून सांगत न्हाई रे दादा? तुजी इज्जत वाचवता वाचवता माजं लगीन हातचं चाललं."
फार वाईट वाटलं. खरोखर. खाली उभा राहून तिला दोन घमेली दिली. मग हात मातीचे झाले म्हणून त्रिकोण राहिले.

२१ मार्च
रजा संपली. जाळी अर्धी. मुंबईत रेडिओ असला तरी एकाग्रता जास्त होते. मुंजाजींना तिथून सविस्तर पत्र टाकीन.

१० एप्रिल, मुंबई
पत्र टाकलं नाही. नुसतं 'माझा संबंध नाही' लिहिणं बरं दिसत नाही. त्यापेक्षा उत्तरच पाठवावं. आता मॉडेल एकट्या रिसर्चसाठी नाही, बहिणीसाठी आहे. जोर आला.

२८ एप्रिल
बाबांची तार. लग्न पौर्णिमेलाच, ३ मेला. ये.
सुटलो! मुंजाजी समंजस निघाले.

२९ एप्रिल
कॉम्प्युटरवर माझा नंबर लागला. ३ मे. सर म्हणाले, हा गेला तर पुढचा पावसाळ्यात. रात्रभर विचार केला. बहिणीचं लग्न एकदाच. पण उत्तर तिच्यासाठी आहे म्हटल्यावर रिकाम्या हातानं जायचं? ३ला उत्तर, ५ला घरी. ती समजून घेईल.

३ मे
कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत दिला. आतलं मशीन दिसत नाही. बाहेर बाकावर बसलो. या वेळी तिकडं पांढऱ्या साडीत चांगुणा, पंचशील चालू असेल. डोळे भरून आले. खिडकीच्या काचेवर धूळ होती.
दुपारी कागद आला. भारत हिमालयात न अडता आकाशात निघून गेला होता. सर म्हणाले, तू एकही टोक धरलेलं नाहीस, सगळं मोकळं सोडलंस, ढकलल्यावर जाणारच.
ते शेवटी करणार होतो.

६ मे, वारंगा फाटा
पूर्णेला गाडी चुकली, म्हणून आज. वाटेत ठरवलं, आधी मुंजाजींचे पाय धरून सगळं कबूल करायचं.
घर पुरं झालंय. वर नवे पत्रे चमकतायत. मी वाकायच्या आत मुंजाजींनीच मिठी मारली. म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरनं बराबर सांगितलं. माळवदाचं वजन नको, पत्रा टाका! चांगुणा पोरीनं तुमचा निरोप दिला अन् दुसऱ्या दिवशी काम सुरू." फाट्यावर आता अजून दोघं पत्रा टाकून राहिलेत.
मी चांगुणाकडे बघितलं. ती चुलीकडे बघत होती.
तिनं माझ्यासाठी बुंदी झाकून ठेवली होती. मऊ पडली होती. खाता खाता तिनं लग्नाचा फोटो दाखवला. भावाच्या जागी कोंडीबा उभा आहे, माझा जुना कोट घालून. तिला म्हणालो, मुंजाजींना मी आत्ता जाऊन खरं सांगतो.
ती म्हणाली, "बस गुपचूप. खरं सांगायचं तवा सांगितलं न्हाई. आता सांगशील तर पत्रे उतरवून माळवद टाकतील, अन् जल्मभर मी लिंपत बसन."
बसलो.